थेंब थांबले की आकडा वाचायचा

काटेकाकांना संशय येत नसे. तो त्यांच्याकडे कायमचा मुक्कामालाच होता. सकाळी चहा समोर आला की पहिला घोट घेण्याआधी ते कपात डोकावून बघायचे, आणि काकू आतून ओरडायच्या, "विष नाही हो घातलं! लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तेव्हा नाही घातलं, आता कशाला घालू?" काका म्हणायचे, "साखर विरघळली का ते बघतोय." डॉक्टरांनी त्यांची साखर बंद करून सहा वर्षं झाली होती.

तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान. मासेमारीच्या गळकाठ्या आणि रिळं दुरुस्त करायची, गळ विकायचे, दोऱ्या विकायच्या. खोलीत ग्रीसचा वास. टेबलाला बसवलेला, वस्तू घट्ट पकडून ठेवणारा शेगडा, त्याच्या शेजारी वीस खणांचं कपाट. कुठल्या खणात किती गळ आणि शिशाच्या किती गोळ्या आहेत हे काकांना तोंडपाठ. गिऱ्हाईक रीळ घेऊन आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे आधी कुणी उघडलं होतं?"

"कुणीच नाही हो काका."

"मग या स्क्रूची खाच चकाकतेय कशी?"

आणि गिऱ्हाईक खाली मान घालायचं. कारण त्याने खरंच घरी सुरीच्या टोकाने ते उघडायचा उद्योग केलेला असायचा. खरं सांगू का, संशयी माणसाचं वाटोळं यानेच होतं. दहातले दोन संशय खरे निघतात, आणि उरलेले आठ तो सोयीस्कर विसरून जातो.

आता काटेकाका हे नाव कसं पडलं ते सांगतो. तळ्यावर मासेमारीचा क्लब होता आणि वर्षातून एकदा तिथे बास पकडायची स्पर्धा व्हायची. बास म्हणजे हिरवट अंगाचा, कुशीवरून काळा पट्टा गेलेला, आणि तोंड असं मोठं की माणसाची मूठ सहज आत जावी. तळ्यात तिलापिया होते, कार्प होते, तळाशी मिशीवाले मांगूरही होते, पण मान सगळा बासला. बारा महिने ऊन खाणारं पाणी, त्यात हा मासा पोसायचा छान आणि गळाला लागला की भांडायचाही छान. पहाटे होड्या सुटायच्या आणि बाराच्या ठोक्याला परत यायच्या. ज्याने-त्याने आपला एकच सगळ्यात मोठा बास आणायचा, तो तोलला जायचा, आणि लगेच जिवंत तळ्यात सोडला जायचा. पहिला येईल त्याचं नाव शेडमधल्या फळ्यावर रंगवलं जायचं. बक्षीस म्हणून एवढंच. पण त्या फळ्यासाठी भलीभली शहाणी माणसं वर्षभर झुरायची.

हे तोलायचं काम बावीस वर्षं काकांकडे होतं. शेडच्या आढ्याला तबकडीचा काटा टांगलेला. त्याच्या हुकाला एक पांढरी बादली, जिच्या बुडाला बारीक बारीक भोकं पाडलेली. टाकीतून मासा पाण्यासकट बादलीत घ्यायचा, बादली हुकाला लावायची आणि थांबायचं. भोकांतून पाणी धारेने जायचं, मग थेंब-थेंब. थेंब थांबले की आकडा वाचायचा. काकांची ही पद्धत इतकी पक्की की लोक मनात अंक मोजत उभे राहायचे. साधारण वीसपर्यंत थेंब थांबायचे.

काकांचं सगळ्यात पहिलं वर्ष होतं तेव्हाची गोष्ट. त्यांनी एक मासा तोलला, आकडा वाचला, आणि स्वतः सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तोच मासा काठाला मेलेला सापडला. पोटात शिशाच्या अकरा गोळ्या. जिंकणारा गृहस्थ काकांचा शाळेतला सोबती होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, काका तर त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

त्या वर्षी क्लबने नियम केला. काटेवाल्याला शंका आली तर मासा फाडून बघायचा हक्क त्याचा, कुणी आडवं यायचं नाही. पण पोटात काही निघालं नाही, तर एक जीव फुकट मारला म्हणून त्याने त्याच क्षणी काटा खाली ठेवायचा, कायमचा. पुन्हा तोलायची सोय नव्हती. तोलायला मासा पाण्याबाहेर एकदाच काढायचा, तेवढी दया त्याच्यावर दाखवायची असं ठरलं होतं. बावीस वर्षांत काकांनी तीन मासे फाडले. एकात शिसं निघालं, एकात लोखंडी नट, आणि तिसऱ्यात चक्क दुसऱ्या माशाचं मांस ठासून भरलेलं. तिन्ही वेळा काका बरोबर. गावात त्यांना जो काही मान होता, तो त्या काट्याचा होता. रिळं काय, कुणीही दुरुस्त करतं.

यंदाच्या स्पर्धेला आठवडा राहिला असताना काकांनी शिशाच्या गोळ्यांचा खण उघडला आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. चौदा गोळ्या कमी होत्या, आणि त्याही मोठ्या.

"दुकानात कोण आलं होतं गं?" त्यांनी काकूंना विचारलं.

"कुणी नाही बाई. धाकटा तेवढा येऊन गेला."

धाकटा म्हणजे काकूंचा भाऊ, काकांचा मेहुणा. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, सदा कोपरापर्यंत काळा. अठरा वर्षं स्पर्धेत उतरत होता आणि अठरा वर्षांत त्याचं नाव फळ्याच्या जवळपासही फिरकलं नव्हतं. माणूस म्हणून सोनं, पण मासेमार म्हणून अगदीच यथातथा. त्याच्या हातून सुटलेल्या माशांच्या गोष्टी तोच रंगवून सांगायचा आणि तोच सगळ्यात जास्त हसायचा.

काकांनी काकूंना पुढे काही विचारलं नाही. त्यांची रीतच तशी होती. संशय आला की विचारायचं नाही, पाळत ठेवायची. दोन दिवसांनी मेहुणा चहाला आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मध्येच म्हणाला, "भाऊजी, एक विचारू? तुम्ही ते पोटात शिसं घातलेले मासे पकडता, ते तुम्हाला कळतं तरी कसं हो?"

काकांचा कप अर्ध्यावरच थांबला. "तुला कशाला पाहिजे?"

"सहज. अठरा वर्षं बघतोय, कधी विचारलंच नाही."

"माशाची लांबी मोजायची. एवढ्या लांबीचा मासा एवढ्याच वजनाचा असतो. जास्त भरला की समजायचं."

"वा! म्हणजे तुमच्यापासून काही लपायचं नाही," मेहुणा म्हणाला आणि हसला. त्या हसण्यावर काकांनी पुढचे चार दिवस काढले. रात्री कुशी बदलायचे आणि म्हणायचे, तो हसला कशाला? काकू म्हणाल्या, "अहो, तो जन्मल्यापासून हसतोय. सुईणीलाही हसला होता."

सांगायचं म्हणजे काकांना वाईट वाटत होतं. मेहुणा त्यांचा लाडका होता. लग्नात तो आठ वर्षांचा, काकांनीच त्याच्या हातात पहिली गळकाठी दिलेली. पण वाईट वाटणं एकीकडे आणि मन एकीकडे. मन म्हणत होतं, शाळेतला सोबतीही लाडकाच होता.

स्पर्धेचा दिवस उजाडला. सकाळी नवालाच उन्हाने शेडचे पत्रे तडतडायला लागले. बाराला होड्या परतल्या, लोक आपापल्या टाक्यांतले मासे घेऊन रांगेत उभे राहिले. क्लबचे सेक्रेटरी वही घेऊन खुर्चीवर. काका एकेक मासा मोजपट्टीवर ठेवायचे, लांबी सांगायचे, बादलीत घ्यायचे, थेंब थांबले की आकडा. यंदा पहिल्यांदाच उतरलेली शिंपीणबाई, रस्त्याच्या कोपऱ्यावर कपडे शिवणारी, तिने चोपन्न सेंटीमीटरचा बास आणला. दोन किलो सहाशे. काकांनी लांबी-वजनाच्या तक्त्यात बघितलं, चोख बसलं. शिंपीणबाईने तोंडावर पदर घेतला आणि रडायलाच लागली. शेवटचा मेहुणा उरला होता, आणि त्याचा काय धसका घ्यायचा? लोक तिचं अभिनंदन करायलाही लागले.

मेहुणा आला तो पानाफुलांसकट आला. कमळांच्या दाटीत घुसून त्याने मासा काढला होता. टाकीत मासा कमी आणि वेली-पानं जास्त. "काढता काढता निम्मं तळंच वर आलं बघा," तो म्हणाला. काकांनी मासा मोजपट्टीवर ठेवला. बावन्न. मग परत टाकीत बुडवून, पाण्यासकट, चिकटलेल्या पानांसकट बादलीत घेतला आणि बादली हुकाला लावली.

एरवी त्यांची नजर बादलीच्या बुडाकडे असायची. आज ती मेहुण्याच्या तोंडावर होती. मेहुण्याने आवंढा गिळला. मेहुण्याने कपाळ पुसलं. मेहुण्याने एकदा शिंपीणबाईकडे बघितलं. थेंब थांबल्याचं काकांच्या कानाला कळलं, त्यांनी वर तबकडीकडे बघितलं.

तीन किलो शंभर.

शेड दणाणली. "अरे, धाकट्याने मैदान मारलं!" कुणीतरी मेहुण्याला उचलायला धावलं. मेहुणा स्वतःच तोंड उघडं टाकून तबकडीकडे बघत होता. बावन्न सेंटीमीटरचा बास फार तर सव्वादोन, अडीच भरतो. पाऊण किलो जास्त! काकांनी मनातल्या मनात चौदा गोळ्यांचं वजन केलं. जवळपास तेवढंच आलं.

"थांबा," ते म्हणाले. "हा मी फाडणार."

सेक्रेटरी खुर्चीतून उठलेच. "काटेकाका, नियम माहीत आहे ना? घरचा माणूस आहे, जरा विचार करा."

"घरचा आहे म्हणूनच."

मेहुणा पुढे आला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "भाऊजी, नका मारू त्याला. एवढा सुंदर जीव आहे. तुम्हाला शंका आहे ना, मग मला बाद करा. मी तक्रार करणार नाही. पण त्याला सोडा."

झालं! जी काय थोडी धाकधूक होती काकांच्या मनात, तीही गेली. खाई त्याला खवखवे. ज्याच्या पोटात पाप नाही तो जिंकलेली बाजी सोडून देईल का? निदान काकांच्या हिशेबात असा माणूस बसत नव्हता. त्यांनी मासा बादलीतून काढला, फळीवर ठेवला आणि सुरी चालवली.

पोटात दोन बोटभर मासे निघाले आणि एक अर्धवट विरघळलेला झिंगा. बस्स. काकांनी आतडं उलटं केलं, गळ्यापर्यंत बोट घालून चाचपलं, कल्ले उघडले. पुन्हा चाचपलं. लोक बघत होते. माशाचं तोंड दोनदा उघडलं-मिटलं आणि थांबलं.

काकू बायकांच्या घोळक्यातून पुढे आल्या. "काय शोधताय एवढं?"

"खणातल्या चौदा गोळ्या," काका पुटपुटले.

"अगं बाई! त्या गोळ्या? त्या मी दिल्या त्याला! होडीची ताडपत्री वाऱ्याने उडते म्हणून कडेला बांधायला. त्या दिवशी विचारलं असतं तर सांगितलं नसतं का मी?" काकूंचा आवाज चढला आणि मध्येच चिरला. "माझ्या भावाला चोर ठरवलंत होय? भर लोकांत?"

मेहुण्याने फाडलेला मासा दोन्ही हातांनी उचलला, पाण्यापर्यंत चालत गेला आणि तळ्यात सोडला. कासवांनी तो क्षणात खाली ओढला. काकांनी एप्रन काढला, सुरी पुसली आणि एप्रनसकट सेक्रेटरींच्या हातात दिली. बावीस वर्षांचा मान गेला. एका सुरीने दोन्ही गेले, मासाही आणि मानही.

लोक मेहुण्याभोवती जमले. रंगारी मेहुण्याचं नाव लिहायला फळ्यापाशी डबा उघडून बसला. काकांकडे कुणी बघत नव्हतं. निदान जाण्याआधी बादली तरी धुवावी म्हणून त्यांनी कोपऱ्यात ठेवलेली बादली उचलून तिरकी केली, आणि भसकन पाणी त्यांच्या पायावर पडलं.

भोकाच्या बादलीत पाणी? त्यांनी आत हात घातला, बुडाला चिकटलेलं कमळाचं थाळीएवढं पान सवयीने खरवडून काढलं आणि तळ्यात भिरकावलं. उरलेलं पाणी भोकांतून खाली गेलं. आणि मग, सगळं होऊन गेल्यावर, त्यांना कळलं की आपण काय केलं. पान बुडाला बसलं, भोकं बुजली, पाऊण तांब्या पाणी आतच राहिलं. त्या वेळी थेंब पाच-सहा मोजायच्या आतच थांबले होते. आज कुणी अंक मोजत नव्हतं, सगळे शिंपीणबाईपाशी होते. आणि ज्याने बघायचं, तो मेहुण्याचा आवंढा बघत बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळ्या जगाला तोललं, स्वतःच्या बादलीला कधी तोललं नाही.

काका मटकन खाली बसले. गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं. काटा गेला तो गेलाच. मेहुण्याचं नाव लागतंय, लागू दे, त्याला मी काय कमी छळलं? पण तिकडे खांबाला टेकून शिंपीणबाई उभी होती. तिचा मासा पहिला होता. तिने डोळे पुसले होते आणि सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या होत्या. तिला काहीच माहीत नव्हतं. आणि आता हे सांगायचं म्हणजे मेहुण्याला चोर म्हणून झाल्यावर त्याच्या तोंडचा घासही काढायचा. कुठल्या तोंडाने सांगणार?

ते उठले. फळ्यापाशी जाऊन म्हणाले, "थांबव रे रंग. आकडा चुकला. बादलीत पाणी राहिलं होतं. पान अडकलं होतं बुडाला."

सगळे वळले. सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघितलं. "कुठाय पान?"

"टाकलं मी. तळ्यात."

"आणि पाणी?"

"सांडलं."

"आणि मासा कासवांनी खाल्ला," कुणीतरी मागून म्हणालं, आणि लोक हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. "काटा गेला म्हणून आता नवी गोष्ट रचताय होय काका?" "मेहुण्याचं नाव लागतंय ते बघवत नाही म्हातारबाला!" "बावीस वर्षांत आणखी कितींच्या बादलीत पाणी होतं हो?" सेक्रेटरींनी वही मिटली. "हे बघा काटेकाका, पुरावा नाही, साक्षीदार नाही. असं कसं ऐकायचं तुमचं?"

सेक्रेटरींच्या जागी काका स्वतः असते तर त्यांनीही नसतंच ऐकलं. खरं बोलणारा माणूस असा एकटा उभा असतो हे त्यांनी आयुष्यभर समोरून बघितलं होतं, आज त्या जागी उभं राहून बघितलं. त्यांना लाज वाटली, आणि भीती वाटली.

मेहुणा गर्दीतून पुढे आला. त्याने रंगाऱ्याच्या हातातला ब्रश काढून डब्यात ठेवला. "शिंपीणबाईचं नाव लावा."

"अरे, पण पुरावा?" सेक्रेटरी म्हणाले.

"भाऊजी म्हणतायत पाणी होतं, म्हणजे होतं."

"आणि त्यांनी तुला चोर म्हटलं ते?"

"ते चुकले. ही गोष्ट निराळी."

रंगाऱ्याने एकदा सेक्रेटरींकडे बघितलं आणि फळा पुसायला घेतला. जिंकणाराच नको म्हणतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार? शिंपीणबाई "अहो नको, नको" करत मागे सरकत होती, तिला बायकांनी पुढे ढकललं.

काका मेहुण्याच्या मागे होडीपर्यंत गेले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. "तुझा मासा मारला मी. भर लोकांत अब्रू काढली. आणि तू नुसतं माझ्या शब्दावर...? एकदा बादली तरी बघायचीस रे!"

"बादलीत काय बघायचं?" मेहुणा म्हणाला. आता तो हसत नव्हता. "राग आलाय भाऊजी मला. फार आलाय. दोन महिने मी तुमच्याशी बोलणार नाही, ताईलाही सांगून ठेवा. पण तुम्ही खोटं बोलत नाही. तेवढं मला माहीत आहे."

"चुकलो रे मी," काका म्हणाले. "ऐकतोयस ना? चुकलो."

मेहुण्याने इंजिनाची दोरी ओढली, होडी वळवली आणि निघून गेला. अबोला त्याने तिथूनच सुरू केला होता.